कोर्स झाला, काम येतं. तरी नोकरी का टिकत नाही? 'कौशल्य' आणि 'क्षमता' यातला फरक समजून घ्या

गावातल्या दूध संकलन केंद्रावर नवा पोरगा ठेवायचा असला की सचिव पहिला प्रश्न विचारतो, "मशीन चालवता येतं का?" येतं म्हटलं की पोरगा दुसऱ्या दिवसापासून कामाला. महिना-दोन महिने जातात आणि कुरबुरी सुरू होतात. काल फॅट ४.१ होती, आज ३.४ कशी लागली? स्लिप का दिली नाही? शेजारच्या केंद्रावर हेच दूध चांगलं कसं लागतं? चार उत्पादक दूध दुसरीकडं घालायला लागतात. पोराला काढून टाकलं जातं. त्याला मात्र शेवटपर्यंत कळत नाही की चुकलं कुठं, कारण मशीन तर त्याला खरंच येत होतं.

असंच आयटीआय करून एमआयडीसीत गेलेल्या पोरांचं होतं. ट्रेड चांगला, मार्क चांगले, हात चांगला, आणि सहा महिन्यांनी घरी परत. कंपनीच्या कागदावर शेरा असतो, "स्किल ओके, कॉम्पिटन्सी लो." घरी विचारलं तर सांगता येत नाही की याचा अर्थ काय. आता आयटीआय, कौशल्य विकास केंद्रं, कंपन्यांच्या जाहिराती, सगळीकडं हे दोन शब्द येतात. स्किल म्हणजे कौशल्य. कॉम्पिटन्सी म्हणजे क्षमता किंवा सक्षमता. क्षमता म्हटलं की आपल्याकडं टाकीची क्षमता, ट्रॉलीची क्षमता आठवते, म्हणून घोटाळा होतो. इथं अर्थ वेगळा आहे, आणि तो समजायला डेअरीसारखी जागा नाही.

मशीन येणं आणि केंद्र सांभाळता येणं

मशीन चालवणं म्हणजे काय? नमुन्याची बाटली नळीखाली धरायची, बटण दाबायचं, थोड्या वेळात फॅट आणि एसएनएफ स्क्रीनवर येतं. हे शिकायला एक दिवस पुरतो. जिथं गर्बर पद्धत वापरतात तिथं काम जास्त नाजूक. ब्युटिरोमीटरमध्ये आधी १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर बाजूनं हळूच १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच घट्ट लावून हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ११०० फेऱ्यांनी पाच मिनिटं फिरवायचं आणि ६५ अंशाच्या गरम पाण्यात ठेवून रीडिंग घ्यायचं. क्रम चुकला, ॲसिड जास्त झालं तर रीडिंग बिघडतं, हात भाजायचीही भीती. तरी पंधरा दिवसांत हे हाताला बसतं. हे झालं कौशल्य.

आता सकाळचे साडेसहा. केंद्रासमोर पंचवीस किटल्या. एकानं कँड रात्रभर ठेवलेला, मलई वर आलेली. नमुना वरून घेतला तर फॅट जास्त दिसते, तळातून घेतला तर कमी. म्हणून आधी दूध नीट ढवळायचं, मग नमुना. दुसऱ्याचं दूध आत्ताच काढलेलं, फेसाळ आणि कोमट. त्यात लॅक्टोमीटर लगेच सोडला तर डिग्री कमी येणार आणि पाणी न घालताच माणूस पाणचट दुधाचा ठरणार. फेस बसू द्यावा लागतो, तापमान बघावं लागतं. तिसरा म्हणतो, "माझं परत लाव." मागं रांग ओरडते. तेवढ्यात वीज जाते.

इथं पोरगा काय करतो यावर सगळं ठरतं. मागणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांदा नमुना लावतो का "एकदा लागलं ते लागलं" म्हणून हाकलतो? सगळ्यांचीच फॅट एकाच दिवशी अर्ध्या पॉइंटनं खाली आली तर मशीनवर संशय घेतो का शेतकऱ्यांवर? मशीन धुवायचं राहिलं असेल, आत दुधाचा थर बसला असेल, हे त्याच्या ध्यानात येतं का? वीज गेली तेव्हाचे लिटर वहीत लिहून ठेवतो का नंतर अंदाजानं टाकतो? आणि चेअरमनच्या भावाची किटली आली तेव्हा रीडिंग जे असेल तेच लिहितो का? या शेवटच्या प्रश्नावर भल्याभल्यांची परीक्षा होते.

कौशल्य इथंही लागतंच. त्याच्याशिवाय बाकीचं सगळं हवेत. पण कौशल्य, त्यामागची माहिती, प्रसंग ओळखायची समज आणि वागणूक हे सगळं एकत्र येऊन काम रोज, गर्दीत, कुणी बघत नसतानाही भरवशानं निभावलं जातं, तेव्हा त्याला क्षमता म्हणतात. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर ठरतो. खाली आलेल्या पॉइंटला पैसे कापले जातात. म्हणजे त्या पोराच्या हातात पंचवीस घरांचा आठवड्याचा बाजार असतो. उत्पादकांची नाराजी मशीनवर नसते, भरवसा उडालेला असतो.

जुनी माणसं गडी पारखताना हेच बघत. औत धरता येतं, दारं धरता येतात, धार काढता येते, हे दहा जणांना येई. पण चार दिवस परगावी जायचं तर गोठा कुणावर सोडायचा, असा प्रश्न आला की एक-दोनच नावं निघत. म्हैस वैरण खात नाही हे संध्याकाळीच ओळखून डॉक्टरला बोलावणारा, मोटारीचा आवाज बदलला की स्टार्टर बंद करणारा. त्याला कुणी कॉम्पिटंट म्हणत नव्हतं. "त्याच्यावर टाकलं की बघायला लागत नाही," एवढंच म्हणत. कंपनीचा साहेब जे इंग्रजीत विचारतो ते हेच.

झिरो वायरमन: हात आहे, पण अधिकार आणि संरक्षण नाही

हा फरक कळला नाही तर केवळ नोकरी जाते असं नाही. काही कामांत जीव जातो. प्रत्येक मोठ्या गावात एखादा झिरो वायरमन असतो. महावितरणचा तो कर्मचारी नसतो. लाइनमनच्या मागं फिरून शिकलेला असतो. रात्री डीपीवरचा फ्यूज उडाला, पिकाला पाणी चालू आहे, की लोक त्यालाच फोन करतात. शंभर-दोनशे रुपये देतात. खांबावर चढणं, जंपर जोडणं, फ्यूजची तार बांधणं यात तो कधी कधी पगारी माणसालाही ऐकत नाही. कौशल्य आहे, यात वाद नाही.

पण लाइनवर काम करायच्या आधी काय करायचं असतं ते बघा. उपकेंद्रातून लाइन बंद करून रीतसर परमिट घ्यायचं. चुकून कुणी चालू करू नये याची सोय करायची. लाइन खरंच मेली आहे का ते टेस्टरनं तपासायचं. मग दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं. हातमोजे, बेल्ट, हेल्मेट. अर्थिंग कशाला, लाइन तर बंद आहे, असं म्हणणारे पुष्कळ. गावात कुणाचा जनरेटर चुकीच्या पद्धतीनं जोडलेला असेल तर बंद लाइनमध्ये उलटा करंट येतो. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या लाइनचाही येऊ शकतो. ही माहिती, ही सवय, आणि "परमिट मिळाल्याशिवाय मी चढणार नाही, तुमचा ऊस वाळला तरी चालेल" असं दहा माणसांसमोर सांगायची ताकद, हा क्षमतेचा भाग. झिरो वायरमनकडं माहिती कधी कधी असते. पण त्याला परमिट मागायचा अधिकार नाही, नकार द्यायची सोय नाही, आणि काही झालं तर घरच्यांना भरपाईसाठी दारोदार फिरावं लागतं. त्याच्या हाताचं कौतुक करून त्याला वर चढवणारा गाव यात निर्दोष नाही.

ज्या पोराचा हात या कामात चांगला आहे त्यानं रीतसर ट्रेड करून वायरमनचा परवाना काढावा. वायरिंग, मोटार, पॅनेल अशी कामं मग उजळ माथ्यानं घेता येतात. महावितरणच्या लाइनवर मात्र नेमणूक आणि परमिट असल्याशिवाय परवानाधारकानंही चढायचं नाही.

कारखान्याच्या बॉयलरवर कायद्यानंच शब्द वापरलाय

साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या लोकांना आणखी एक उदाहरण माहीत आहे. बॉयलरवर कुणालाही उभं करता येत नाही. बॉयलर अटेंडंटला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं, पहिल्या वर्गाचं किंवा दुसऱ्या वर्गाचं. त्या प्रमाणपत्राचं नावच सक्षमता प्रमाणपत्र आहे, इंग्रजीत सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी. ते मिळण्याआधी ठरावीक काळ बॉयलरवर प्रत्यक्ष काम केलेलं असावं लागतं आणि तोंडी परीक्षाही होते.

तोंडी कशासाठी? व्हॉल्व्ह फिरवायला हात पुरतो, पण प्रसंग ओळखायला डोकं लागतं. बॉयलरवर पाण्याची पातळी दाखवणारी काच असते. त्यातलं पाणी दिसेनासं झालं तर नवखा माणूस घाबरून पटकन पाणी सोडायला धावेल. तापलेल्या, कोरड्या पडलेल्या नळ्यांवर गार पाणी गेलं तर स्फोटाचा धोका. तिथं आधी आग तोडायची असते. उलट बाजूही आहे. काचेत पाणी भरपूर दिसतंय पण तासभर जरासुद्धा हललं नाही, तर जाणता अटेंडंट खूश होत नाही. काचेचा कॉक चोंदलाय का हे बघायला तो काच ब्लो करून तपासतो. चांगलं दिसणाऱ्या आकड्यावरही संशय घेणं हे पुस्तकात एका ओळीत लिहिता येतं, अंगात यायला दोन-तीन गळीत हंगाम लागतात.

हे खूळ आलं कुठून?

हार्वर्ड विद्यापीठात डेव्हिड मॅक्लेलंड नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. म्हणणं थोडक्यात असं, की शाळेतले मार्क आणि बुद्धीच्या चाचण्या यावरून माणूस नोकरीत चांगला निघेल का हे सांगता येत नाही. त्यापेक्षा जे लोक ते काम उत्तम करतात ते नेमकं काय करतात हे बघा, आणि तेच तपासा. तिथून कंपन्यांमध्ये कॉम्पिटन्सी हा शब्द रुळला. आपल्याकडं मोठ्या कंपन्यांतून तो लहान कारखान्यांत आला आणि आता मॉलच्या, पतसंस्थेच्या मुलाखतीतही येतो.

सरकारी कौशल्य अभ्यासक्रमांतही तीच गोष्ट दुसऱ्या नावानं आहे. केंद्र सरकारनं २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा लागू केला. त्याला एनएसक्यूएफ म्हणतात. प्रमाणपत्रावर "लेव्हल ३", "लेव्हल ४" असं छापलेलं असतं ते यातलं. सुरुवातीला १० पातळ्या होत्या, २०२३ च्या बदलानंतर ८ झाल्या. लोकांना वाटतं लेव्हल वाढली म्हणजे काम अवघड झालं. तेवढंच नाही. मूळ आराखड्यात प्रत्येक पातळीला जबाबदारीचा वेगळा रकाना होता. लेव्हल ३ ला माणूस दुसऱ्याच्या बारीक देखरेखीखाली, मर्यादित जबाबदारीवर काम करतो. लेव्हल ४ ला स्वतःच्या कामाची आणि शिकण्याची जबाबदारी त्याची स्वतःची. लेव्हल ५ ला दुसऱ्यांच्या कामाचीही थोडी जबाबदारी येते. लेव्हल ६ ला ती पूर्ण येते. म्हणजे हेल्परचा ऑपरेटर आणि ऑपरेटरचा सुपरवायझर होताना हात तोच राहतो, अंगावर घेतलेलं ओझं बदलतं. पगारही त्यावर हलतो.

आयटीआयमध्ये एम्प्लॉयबिलिटी स्किल्स नावाचा विषय असतो. बहुतेक पोरं त्याला बिनकामाचा समजून पास होण्यापुरता वाचतात. काही ठिकाणी तो शिकवलाही तसाच जातो, फळ्यावर व्याख्या लिहून. त्यात संवाद, अर्ज लिहिणं, सुरक्षितता, कामगार कायदे असं असतं. व्याख्या पाठ करून यातलं काही येत नाही, हे खरंच. पण मुलाखतीत निम्मे प्रश्न याच विषयातले असतात, हेही तितकंच खरं.

वहिनी म्हणतात "मला काही येत नाही"

याची उलटी बाजू गावातच जास्त दिसते. माणसाकडं क्षमता असते, तिला नाव देता येत नाही.

बचत गटात पाच-सात वर्षं सचिव असलेल्या बाईला विचारा, काय काय येतं? उत्तर येतं, "काही नाही हो, आपलं घरचंच." आता तिचं काम बघा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या वह्या, ही गटाची पंचसूत्री ती चालवते. दहा जणींच्या घरातली अडचण तिला माहीत असते आणि ती बाहेर फुटत नाही. हप्ता थकला तर भांडण न करता वसूल करते. बँकेत साहेबासमोर उभी राहून कर्जाचं प्रकरण करून आणते. पैशाचा हिशेब बिनचूक, लोकांशी बोलणं, गुप्तता पाळणं, ताण पडला तरी न चिडणं. एखादी फायनान्स कंपनी वसुलीसाठी शिकलेला पोरगा घेते तेव्हा त्याच्यात हेच शोधत असते.

तिला कमी काय पडतं? कॉम्प्युटरवर एक्सेल येत नाही, मेल करता येत नाही. ही कौशल्यं आहेत. कुणी नीट शिकवलं तर एक-दोन महिन्यांत येणारी. पोराला एक्सेल येतं, पण दहा माणसांचं भांडण मिटवून हप्ता आणणं दोन महिन्यांत येणार नाही. यातून एक हिशेब निघतो. कौशल्य बहुतेक वेळा मशीनला किंवा पद्धतीला बांधलेलं असतं. मशीन बदललं की जुनं होतं. गर्बरच्या काचा गेल्या आणि ॲनालायझर आले तेव्हा नुसता हात असलेले मागं पडले. फॅट कमी-जास्त का होते हे ज्यांना कळत होतं ते आठवड्यात नव्या मशीनवर रुळले. क्षमता माणसाबरोबर एका कामातून दुसऱ्या कामात जाते.

ज्यांनी काम अनुभवातून शिकलं आणि कागद नाही, अशा गवंडी, वेल्डर, सुतार यांच्यासाठी आरपीएल नावाची सोय आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली, त्यात ती आली. आधीपासून येत असलेलं काम तपासून प्रमाणपत्र द्यायचं, पुन्हा पूर्ण कोर्स करायला लावायचं नाही. कल्पना चांगली. पण एक-दोन तासांच्या तपासणीत हात दिसतो, भरवसा दिसत नाही. ठेकेदाराला हे माहीत असतं. म्हणून ते प्रमाणपत्र असूनही तो विचारतो, आधी कुणाकडं होतास? तिथला फोन नंबर दे.

मुलाखतीत काय विचारतात, काय सांगायचं

आजकाल प्रश्नाची धाटणी बदलली आहे. "वेल्डिंगचे प्रकार सांग" असं विचारून झालं की दुसरा प्रश्न येतो, "काम करताना काही बिघडलं, तेव्हा तू काय केलंस? एक प्रसंग सांग." गावाकडची पोरं इथं गप्प बसतात किंवा "सर, मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे" असं पाठ केलेलं म्हणतात. मेहनती आहे हे शंभर जण म्हणतात, त्याची नोंद कुणी घेत नाही.

प्रसंग सांगायचा. तो कंपनीतलाच पाहिजे असं नाही. शेतीला रात्रपाळीची वीज असताना बारावीच्या वर्षात एकट्यानं मोटार सांभाळली असेल, एकदा फेज गेल्यावर मोटार जळू नये म्हणून काय केलं, ते सांगा. चुलत्याच्या ट्रॅक्टरवर हंगामभर लोकांची नांगरट केली असेल तर कुणाची पाळी आधी, कुणाची नंतर, पैशांची नोंद कशी ठेवली, ते सांगा. गणेश मंडळाची वर्गणी आणि हिशेब तुमच्याकडं असेल तर तेही चालतं. चार गोष्टी आल्या पाहिजेत: काय अडचण होती, तुम्ही स्वतः काय केलं, का केलं आणि शेवटी काय झालं. "आम्ही केलं" असं म्हणायची आपल्याकडं सवय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण मुलाखतीत समोरच्याला तुमचा वाटा कळला पाहिजे. आणि जे येत नाही ते सरळ "अजून केलेलं नाही, शिकेन" म्हणावं. सुरक्षिततेच्या कामात खोटं "येतं" म्हणणाऱ्याला जाणता सुपरवायझर दोन प्रश्नांत पकडतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या. गोड बोलून वेल्डिंग होत नाही. व्यक्तिमत्त्व विकासाचे दोन दिवसांचे वर्ग घेऊन, टाय लावून फोटो काढून क्षमता आल्याचं प्रमाणपत्र देणारेही तालुक्याच्या गावी निघाले आहेत. फी चांगली घेतात. ज्याच्या हाताला काम नाही त्याला बोलणं शिकवून उपयोग काय? आधी हात, त्याच्याबरोबर बाकीचं.

कंपनीलाही प्रश्न विचारा

आतापर्यंत सगळं पोरांनाच सांगून झालं. दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. क्षमता हा शब्द ढोबळ आहे, आणि ढोबळ शब्दाआड पुष्कळ काही लपवता येतं. पगारवाढ द्यायची नसली, कंत्राट संपवायचं असलं, एखाद्यानं जादा कामाचे पैसे मागितले म्हणून तो नकोसा झाला, की शेरा मारता येतो: ॲटिट्यूड बरोबर नाही, कॉम्पिटन्सी कमी. मोजमाप काय, कुणी सांगत नाही. हातमोजे न देता काम करायला नकार दिला तर तो ॲटिट्यूड नव्हे. वर सांगितलेल्या वायरमनच्या हिशेबानं तीच तर खरी क्षमता.

शिवाय कौशल्य वर्गात शिकवता येतं, पण क्षमता येते ती काम करता करता, जाणत्या माणसाच्या नजरेखाली. जुना ऑपरेटर शेजारी उभा राहिला, चूक दाखवली, का चुकलं ते सांगितलं, तर पोरगा वर्षात तयार होतो. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीला एकट्याला मशीनवर सोडलं आणि तिसऱ्या महिन्यात कमी क्षमतेचा शेरा मारला, तर दोष कुणाचा? म्हणूनच १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणं मिळणारी ॲप्रेंटिसशिप आयटीआयच्या पोरांनी सोडू नये. विद्यावेतन कमी वाटतं, बाहेर रोजंदारीवर जास्त मिळतं, हे खरं. पण शिकाऊ म्हणून विचारायची मुभा असते, ती पुढं राहत नाही.

राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पास असेल तर महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. पुष्कळ पोरं-पोरी गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, सरकारी कार्यालयांत लागली. कुठं खरं काम दिलं गेलं, कुठं नुसती हजेरी. जिथं हजेरीच आहे तिथंही ग्रामसेवकाला म्हणता येतं, की मालमत्ता कराची नोंद मी करतो, तुम्ही तपासा. दाखल्याचे अर्ज आले की कोणते कागद कमी आहेत हे बघायचं काम माझ्याकडं द्या. मुदत संपल्यावर अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं "काम समाधानकारक" असं न घेता, कोणकोणती कामं स्वतः केली ती नावानिशी लिहून घ्यावीत. पुढच्या मुलाखतीत त्या ओळीच उपयोगी पडतात.

नोकरीला लागताना तीन गोष्टी विचारून घ्यायला हरकत नसते, आणि शक्य असेल तर कागदावर घ्याव्यात. माझं काम नेमकं कोणतं? पहिले महिने मला कोण शिकवणार? आणि प्रोबेशन संपताना तुम्ही माझं काय काय बघणार? लाजायचं कारण नाही. चांगला मॅनेजर या प्रश्नावर रागावत नाही, उलट खुर्चीत सरळ होऊन बसतो.

कोणत्या कामाला काय यायला पाहिजे हे आधीच बघायचं असेल तर मोबाइलवर नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टर असं शोधा. केंद्र सरकारचं संकेतस्थळ आहे, पैसे पडत नाहीत. तिथं आपल्या कामाचं नाव टाकलं की त्या अभ्यासक्रमाची माहिती आणि लेव्हल मिळते. कामाचा दर्जा सांगणारी कागदपत्रंही असतात. त्यात माणसानं काय करून दाखवायचं आणि त्याला काय माहीत असायला हवं हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. भाषा इंग्रजी आणि जरा जड आहे. पण मोबाइलच्या भाषांतरावर काम भागतं, आणि अडलं तर आयटीआयचे निदेशक सांगतात. डेअरीच्या सचिवांनीही नवा पोरगा ठेवण्याआधी एकदा उघडून बघायला हरकत नाही. "मशीन चालवता येतं का" याच्या पुढचे दोन-चार प्रश्न तिथं सापडतील.